ट्रेनिंगचा बॉण्ड आणि सेटलमेंटमधला ट्रेनिंग क्लॉज: आधी कंपनी काय देणार ते लिहा

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या कारखान्यात नवीन सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारी) मशीन्स येतायत, पाच ऑपरेटर सहा आठवडे मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे ट्रेनिंगला जाणारेत. मालकांचं म्हणणं आहे की प्रत्येकाकडून तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड (म्हणजे तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायचे असा करार) घ्या, सोबत मूळ मार्कशीट आणि सही केलेले कोरे चेक ठेवून घ्या. दुसरीकडे युनियनचं सेटलमेंट (कंपनी आणि युनियनमधला लेखी करार) संपत आलंय आणि त्यांच्या चार्टर ऑफ डिमांड्समध्ये, म्हणजे मागण्यांच्या यादीत, एक ओळ आहे, "व्यवस्थापनाने सर्व कामगारांना प्रशिक्षण द्यावे". तुम्ही विचारलंय की बॉण्डचा तयार ड्राफ्ट कोणाकडे आहे का, आणि सेटलमेंटमध्ये काय लिहायचं.

ड्राफ्ट नेटवर ढीगभर मिळतील, पण मला तुमच्या प्रश्नात वेगळीच गोष्ट दिसते. तुमच्याकडे ट्रेनिंगबद्दल दोन कागद दोन वेगळ्या टेबलांवर तयार होतायत. बॉण्डमध्ये फक्त कामगाराने काय करायचं ते आहे, आणि चार्टरमधल्या त्या ओळीत फक्त कंपनीने काय करायचं ते, तेही इतकं मोघम की उद्या दोघांनाही त्याचा उपयोग नाही. मी बरीच वर्षं आधी एचआर-आयआरमध्ये (मनुष्यबळ आणि कामगार संबंध) आणि आता सल्लागार म्हणून हेच काम करतोय, आणि माझं मत पक्कं झालंय की कंपनी काय देणार हे नेमकं लिहिलं असेल तरच कामगाराकडून जे मागितलंय ते टिकतं. कोर्टात तर टिकतंच, पण त्याआधी शॉप फ्लोअरवर टिकतं, आणि शंभरातली बहुतेक प्रकरणं कोर्टापर्यंत जातच नाहीत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. हे पाच जण कायम कामगार आहेत, फिक्स्ड टर्मवर (ठराविक मुदतीच्या करारावर) आहेत की अप्रेंटिस आहेत, यावर बरंच काही बदलतं. अप्रेंटिस असतील तर हा बॉण्ड विसरा, त्यांचा करार १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली रजिस्टर होतो, त्यांना शिकवणं हाच त्या कराराचा हेतू आहे, आणि त्याचे नियम स्वतंत्र आहेत. खाली जे लिहितोय ते कायम आणि फिक्स्ड टर्म कामगारांसाठी. शिवाय तुमच्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये (कारखान्याच्या लेखी सेवानियमांत) आणि चालू सेटलमेंटमध्ये ट्रेनिंगबद्दल आधीच काही लिहिलेलं असू शकतं, ते काढून वाचा. प्रत्यक्ष केस उभी राहिली तर वकील लागणारच, त्याला पर्याय नाही.

आता पहिली पायरी. ट्रेनिंग म्हटलं की आपण सगळं एकाच पिशवीत टाकतो, तसं करू नका, तीन भाग पाडा. पहिला भाग म्हणजे जे कायद्यानेच द्यावं लागतं. सेफ्टी ट्रेनिंग हे मालकाचं कर्तव्य आहे, फॅक्टरी कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने कलम ७-अ आलं त्यातच माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि २०२० च्या ओएसएच कोडच्या (कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य यांचा कायदा) कलम ६ मध्येही ते आलंय. पॉश कायद्याखालची (कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा) जनजागृतीची सत्रं आणि अंतर्गत समितीचं ट्रेनिंग पण यातच. याचा एक रुपया सुद्धा कामगाराच्या नावावर टाकायचा नाही, बॉण्डच्या खर्चात धरायचा नाही. मी असे बॉण्ड बघितलेत ज्यात इंडक्शन, फायर ड्रिल, सेफ्टी शूजपर्यंत सगळं "ट्रेनिंग खर्च" म्हणून जोडलेलं होतं, आणि असा एक आकडा सापडला की समोरचा वकील सगळाच आकडा संशयास्पद ठरवतो.

दुसरा भाग म्हणजे कंपनीने मशीन किंवा पद्धत बदलली म्हणून लागणारं ट्रेनिंग. तुमचं सीएनसीचं ट्रेनिंग इथे येतं. यात फायदा दोघांचा आहे पण गरज मुळात कंपनीची आहे, त्यामुळे इथे बॉण्ड घ्यायचाच असेल तर हात राखून घ्यावा लागतो. तिसरा भाग म्हणजे ज्याने माणसाची बाजारातली किंमत वाढते, डिप्लोमा, बाहेरचं मान्यताप्राप्त सर्टिफिकेट, परदेशातलं ट्रेनिंग वगैरे. बॉण्डची खरी जागा ही तिसरी. तुमच्या केसमध्ये मशीन कंपनी शेवटी स्वतःचं सर्टिफिकेट देणार असेल आणि ते दुसरीकडे चालणार असेल तर थोडा भाग तिसऱ्यातही जातो, ते तपासा.

आता कायदा काय म्हणतो. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अॅक्टची दोन कलमं डोक्यात ठेवली तरी पुरे. कलम २७ सांगतं की कोणाला कायदेशीर धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. म्हणजे "नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या सीएनसी शॉपमध्ये काम करणार नाही" असं लिहिलंत तर ते कागदावरच राहणार. नोकरी चालू असतानाचं बंधन मात्र चालतं. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कल्याणच्या सेंच्युरीच्या प्रकरणात हाच फरक केला, तिथे डच कंपनीकडून टायर कॉर्डचं तंत्र घेतलं होतं, माणसाला शिकवलं होतं, पाच वर्षांचा करार होता आणि तो मधेच स्पर्धक कंपनीत गेला. कोर्टाने त्याला कराराच्या उरलेल्या मुदतीपुरतं तसलं काम दुसरीकडे करायला मनाई केली, त्यापुढे नाही.

कलम ७४ जास्त महत्त्वाचं आहे आणि मालकांना सगळ्यात कमी माहीत असतं. करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणजे ती तशीच्या तशी मिळते असं अजिबात नाही. ती रक्कम म्हणजे कमाल मर्यादा, कोर्ट त्याच्या आत जे वाजवी वाटेल तेवढंच देतं. १९६३ चा फतेह चंद आणि २०१५ चा कैलाश नाथ हे सुप्रीम कोर्टाचे निकाल यावर आहेत, नुकसान झालेलंच नसेल तर पैसे नाहीत, आणि जिथे नुकसान मोजता येतं तिथे ते मोजून दाखवावं लागतं. ट्रेनिंगचा खर्च तर सहज मोजता येतो, बिलं असतात, त्यामुळे "मोजता येत नव्हतं म्हणून दोन लाख ठरवले" हे म्हणायला जागाच उरत नाही.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघायचं तर दिल्ली हायकोर्टाचा २०११ चा सिक्पा इंडियाचा निकाल बघा, तुमच्या मालकांना मी हाच दाखवला असता. बॉण्ड दोन लाखांचा, मुदत तीन वर्षं. माणूस साधारण दोन वर्षं काम करून गेला. कंपनीला ट्रेनिंगवरचा प्रत्यक्ष खर्च दाखवता आला तो ६७,५९६ रुपये. कोर्टाने म्हटलं की तीनपैकी दोन वर्षं त्याने दिली आहेत, म्हणजे उरला एक तृतीयांश, आणि कंपनीला मिळाले २२,५३२ रुपये. दोन लाखांच्या बॉण्डचे बावीस हजार, तेही किती वर्षांच्या खटल्यानंतर, वकिलाची फी वेगळी.

आता कोणी म्हणेल की मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये दोन लाखांचा बॉण्ड मान्य केलाय की. हो, केलाय, आणि तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर "आता बॉण्ड कायदेशीर झाला" असं फिरतंय. पण निकालात काय आहे ते बघा. ती सरकारी बँक होती, माणूस सीनियर मॅनेजर दर्जाचा, तीन वर्षं पूर्ण न करता दुसऱ्या बँकेत गेला. कोर्टाने म्हटलं की ही अट नोकरीच्या काळातली आहे, पुढच्या नोकरीला बंदी नाही, म्हणून कलम २७ लागत नाही, आणि सरकारी बँकेला नवीन माणूस घ्यायला जाहिरात, स्पर्धा परीक्षा असा लांब आणि खर्चिक मार्ग घ्यावा लागतो, शिवाय त्याच्या पगाराच्या मानाने रक्कम अवाजवी नाही. या सगळ्या कारणांवर तो निकाल उभा आहे. तुमचा ऑपरेटर सीनियर मॅनेजर नाही आणि त्याच्या पगाराच्या मानाने दोन लाख ही रक्कम डोंगराएवढी आहे. बॉण्ड घेणं गैर नाही, एवढं त्या निकालातून नक्की मिळतं, कितीचा घ्यायचा याचं उत्तर मात्र तुम्हाला तुमच्या खर्चातूनच काढावं लागणार.

म्हणून खर्चाचा कागद आधी बनवा आणि तो कराराला परिशिष्ट म्हणून जोडा. इथे मी थोडा जास्त थांबतो कारण सगळी गडबड इथेच होते. सगळ्यात आधी मशीनची परचेस ऑर्डर (पीओ) काढा आणि बघा की ट्रेनिंग किंमतीत धरलंय का. खूप वेळा मशीन कंपनी ठराविक लोकांचं ट्रेनिंग मशीनसोबत मोफत देते, पीओमध्ये ते "फ्री ऑफ कॉस्ट" असं लिहिलेलं असतं, आणि इकडे बॉण्डमध्ये "ट्रेनिंग फी रुपये एक लाख". तो पीओ कोणी कोर्टात दाखवला तर तुमची फीची रक्कम शून्य. मग खरा खर्च काय राहतो, प्रवास, राहणं, भत्ता, आणि परीक्षेची किंवा सर्टिफिकेटची फी असेल तर ती. ट्रेनिंगच्या काळातला पगार खर्चात धरायचा का यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं म्हणणं, कायम कामगाराचा पगार धरू नका, तो तुम्ही त्याला तसाही देणार होतात आणि ट्रेनिंगला तो तुमच्याच सांगण्यावरून गेलाय. बदली माणूस ठेवावा लागला आणि त्याला वेगळे पैसे दिले तर तो खर्च दाखवता येतो, पण व्हाउचर पाहिजे.

समजा हे सगळं धरून माणशी ९०,००० रुपये निघाले. मग मुदत ठरवा. सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला तीन वर्षं बांधून ठेवणं मला पटत नाही, बारा ते अठरा महिने ठीक आहेत. अठरा धरले तर दर महिन्याला ५,००० रुपये आपोआप कमी होतात. अकरा महिने करून माणूस गेला तर उरले सात महिने, म्हणजे ३५,०००. क्लॉज मी साधारण असा लिहितो: "परिशिष्ट १ मध्ये दिलेल्या प्रत्यक्ष खर्चाची रक्कम, ट्रेनिंग पूर्ण झाल्याच्या तारखेपासून अठरा महिन्यांत कामगाराने स्वतःहून राजीनामा दिल्यास, उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परत करावयाची आहे. प्रत्यक्ष खर्च परिशिष्टापेक्षा कमी आल्यास कमी रक्कम धरली जाईल." शेवटचं वाक्य मालकांना आवडत नाही, पण तेच वाक्य पूर्ण क्लॉजला खरेपणा देतं, मी ते कधीच काढत नाही.

"स्वतःहून राजीनामा दिल्यास" हे शब्द पण मुद्दाम आहेत. बहुतेक ड्राफ्टमध्ये "कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास" असं असतं. म्हणजे कंपनीनेच कपात केली, युनिट बंद केलं, माणूस अपघाताने काम करण्यालायक राहिला नाही, तरी पैसे त्यानेच द्यायचे, हे कसं चालेल. ही कारणं नावानिशी बाहेर काढा. आणि एक कारण अजून घाला जे कोणीच घालत नाही, ट्रेनिंगहून आल्यावर ठराविक काळात, समजा तीन महिन्यांत, त्याला त्या मशीनवर कामच दिलं नाही तर बॉण्ड संपला. मशीन यायला उशीर झाला, कमिशनिंग रखडलं, माणूस परत जुन्या लेथवर, आणि वर्षभराने त्याचं शिकलेलं विसरलं पण बॉण्ड मात्र चालू, अशी परिस्थिती मी एकापेक्षा जास्त कारखान्यांत बघितली आहे, आणि असा माणूस चिडून जातो तेव्हा चूक त्याची नसते.

आता मूळ मार्कशीट आणि कोऱ्या चेकबद्दल. नको. सरळ नको. मार्कशीट ही त्याची मालमत्ता आहे, ती अडकवून ठेवणं म्हणजे दुसरीकडे नोकरी लागू न देण्याचाच प्रकार, आणि ती तुमच्याकडे असल्याने तुमचा एक रुपयाही वसूल होत नाही, उलट उद्या तक्रार झाली तर बॉण्ड बाजूला राहतो आणि तुम्ही आरोपीच्या जागी जाता. कोरा चेक भरून बाऊन्स केलात तरी चेक बाऊन्सच्या कलम १३८ साठी मुळात कायदेशीर देणं असावं लागतं, कोर्ट सुरुवातीला ते आहे असं धरून चालतं पण कामगार ते खोडून काढू शकतो, आणि ते देणं किती हे तर वर सांगितलेल्या कलम ७४ वरच येऊन थांबतं.

मग वसुली कशी करायची? फुल अँड फायनलमधून (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून) कापून घेऊ, हे पहिलं उत्तर असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेज कोड (वेतनाबद्दलचा नवीन कायदा) लागू झालाय. पगारातून काय काय कापता येतं त्याची यादी कलम १८ मध्ये आहे, जुन्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्यातही अशीच यादी होती, त्यात ट्रेनिंग बॉण्ड नावाची नोंद नाही. शिवाय राजीनामा दिलेल्या माणसाचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. ग्रॅच्युइटीला तर हात लावायचाच नाही, ती कोणत्या कारणाने रोखता येते हे कायद्यात मोजून दिलंय आणि नोकरी सोडणं हे त्यातलं कारण नाही. म्हणजे मार्ग असा की पगार पूर्ण द्या, बॉण्डचा हिशोब वेगळ्या पत्राने द्या, बिलांसकट, आणि हप्ते पाडून द्यायची तयारी दाखवा. सरळ हिशोब समोर ठेवला आणि रक्कम आवाक्यातली असली की बहुतेक लोक देतात, किंवा नवी कंपनी भरते. नाही दिली तर दिवाणी दावा आहेच. कोर्ट माणसाला जबरदस्तीने परत कामावर आणून बसवत नाही, वैयक्तिक सेवेच्या कराराची तशी अंमलबजावणी होतच नाही, जे मिळणार ते पैशातच. (जाता जाता, अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलंय, अकाउंट्सवाले विचारतील म्हणून सांगून ठेवतो.)

कामगाराच्या बाजूच्या जबाबदाऱ्या पण लिहायला हव्यातच, फक्त पैशाच्या नाहीत. हजेरी, ट्रेनिंग देणाऱ्याचे सेफ्टी नियम पाळणं, शेवटी टेस्ट असेल तर ती देणं, तिथलं गोपनीय ड्रॉइंग किंवा प्रोग्रॅम बाहेर न देणं, आणि परत आल्यावर इतरांना शिकवणं. शिकवण्याचं मात्र नीट लिहा, "सहकाऱ्यांना मार्गदर्शन करेल" इतकंच नको. किती जणांना, कोणत्या शिफ्टमध्ये, आणि त्या काळात त्याचं प्रॉडक्शन टार्गेट किती कमी धरणार. टार्गेट पूर्ण ठेवून वर शिकवायला लावलं की तो शिकवतच नाही, किंवा शिकवतो आणि इन्सेंटिव्ह गमावतो. आणि टेस्टमध्ये नापास झाला तर पैसे वसूल, असं कधीही लिहू नका. हजेरीच लावली नाही, मधूनच निघून आला, हे वेगळं. प्रामाणिक प्रयत्न करून नापास झालेल्याला दुसरी संधी द्या आणि तरीही जमलं नाही तर जुन्या कामावर जुन्या पगारात परत, हे लेखी द्या. पन्नाशीच्या जवळचे ऑपरेटर ट्रेनिंगला का नाही म्हणतात माहितीये? आळस म्हणून नाही, नापास झालो तर नोकरी जाईल अशी भीती असते म्हणून. ती एक ओळ लिहून दिली की नावं यायला लागतात.

आता सेटलमेंट. "व्यवस्थापनाने सर्व कामगारांना प्रशिक्षण द्यावे" या ओळीवर मॅनेजमेंट सहसा पटकन सही करतं, कारण त्यात पैसे दिसत नाहीत. आणि "शक्यतो", "गरजेनुसार", "व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार" असे शब्द आत सरकवतात. असं करू नका, दोन्ही बाजूंनी सांगतो. युनियनसाठी तो क्लॉज पोकळ. मॅनेजमेंटसाठी धोकादायक, कारण महाराष्ट्रात १९७१ चा एमआरटीयू-पल्प कायदा (युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांबद्दलचा) आहे आणि त्याच्या चौथ्या शेड्यूलच्या आयटम ९ मध्ये सेटलमेंटची अंमलबजावणी न करणं ही अनफेअर लेबर प्रॅक्टिस आहे. "सर्व कामगारांना" असं सही करून बसलात आणि फक्त पाच जणांना पाठवलंत, तर उरलेल्यांपैकी कोणीही इंडस्ट्रियल कोर्टात त्या एका शब्दावर बोट ठेवू शकतो.

त्याऐवजी काय लिहायचं? मी वाटाघाटीत ट्रेनिंगचा विषय पगारवाढ ठरायच्या आधी घेतो, कारण पगार ठरला की दोघंही दमलेले असतात आणि उरलेले क्लॉज स्टेनो जुन्या सेटलमेंटमधून उतरवतो. एका वाटाघाटीत युनियनच्या एका जुन्या कमिटी मेंबरने टेबलावर विचारलं होतं, "साहेब, ट्रेनिंगला कोणाला पाठवायचं ते कोण ठरवणार, तेवढं सांगा, बाकीचं आम्ही मान्य करतो." सगळं भांडण तिथेच असतं. निवडीची पद्धत लिहा. माझी पसंती अशी की नोटीस बोर्डवर जागा जाहीर करायच्या, किमान पात्रता लिहायची, पात्र लोकांत सीनियॉरिटी, आणि निवड झाली नाही त्याला कारण लेखी. सुपरवायझरची चिठ्ठी हा निकष असेल तर ट्रेनिंग लगेच बक्षीस-शिक्षेचं साधन होतं, आणि मग चांगल्या ट्रेनिंगवर सुद्धा कोणाचा विश्वास राहत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. ट्रेनिंग हे कामाच्या वेळेत, पगारी. शिफ्ट संपल्यावर किंवा साप्ताहिक सुट्टीला ठेवलं तर तो कामाचाच वेळ धरून त्याप्रमाणे ओव्हरटाइम किंवा बदली सुट्टी. युरोपियन युनियनने २०१९ च्या एका डायरेक्टिव्हमध्ये (कलम १३) हे चांगलं मांडलंय, की कायद्याने किंवा सामूहिक कराराने जे ट्रेनिंग मालकाला द्यावंच लागतं ते कामगाराला फुकट, कामाचा वेळ म्हणून मोजलेलं, आणि शक्य तिथे कामाच्या तासांत. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण सेटलमेंटमध्ये दोघांच्या सहमतीने हेच लिहायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही, आणि माझ्या अनुभवात मॅनेजमेंटने हे स्वतःहून देऊ केलं की बाकीची बोलणी सोपी होतात.

तिसरं, ट्रेनिंगनंतर काय. सहा आठवडे शिकून आला, नवीन मशीन चालवतोय, आणि ग्रेड तीच, पगार तोच, मग तो बॉण्ड संपायची वाटच बघणार. ग्रेड बदलायची असेल तर कधी आणि किती, स्किल अलाउन्स असेल तर किती, हे लिहा. मी मालकांना नेहमी सांगतो की दोन लाखांच्या बॉण्डपेक्षा महिन्याचा छोटासा स्किल अलाउन्स माणसाला जास्त धरून ठेवतो, आणि तो अलाउन्स खर्च म्हणून दिसतो म्हणून त्यांना टोचतो, बॉण्ड मात्र फुकट वाटतो. तो फुकट नाही, त्याची किंमत नाराज माणसाच्या कामात निघते.

चौथं, नवीन मशीनमुळे माणसं जास्त होणार असतील तर ते लपवू नका. कपात होऊ शकेल असा बदल असेल तर बदलाची नोटीस, २१ दिवसांची, हा विषय येतो. आणि इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये आता रीस्किलिंग फंड आहे, कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचं वेतन भरायचं आणि ते पंचेचाळीस दिवसांत त्या कामगाराच्या खात्यात जायचं. पण ते नोकरी गेल्यानंतरचं. सेटलमेंटमध्ये त्याच्या आधीचा टप्पा लिहा, की बदलामुळे ज्याचं काम जातंय त्याला पहिल्यांदा दुसऱ्या कामाचं ट्रेनिंग देऊ, इतका काळ, जुना पगार राखून. युनियनला ट्रेनिंगच्या क्लॉजमधून खरं तर हेच हवं असतं, फक्त चार्टरमध्ये त्यांना ते नीट मांडता येत नाही.

आकड्यांबद्दल एक. "वर्षाला प्रत्येकी इतके तास" असं वचन द्यायचं की नाही हे तुमच्या ऑर्डर बुकवर आहे. काम खच्चून असताना तास भरत नाहीत हे मी बघितलंय. म्हणून आकडा छोटा ठेवा पण पक्का ठेवा, आणि तिमाहीला एकदा दोन मॅनेजमेंटचे, दोन युनियनचे असे चार जण बसून हजेरीचं रजिस्टर बघतील असं लिहा. मोठा आकडा आणि त्याला "शक्यतो" लावणं, यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता हे दोन कागद एकमेकांना जोडायचे. वैयक्तिक बॉण्डमध्ये पहिल्याच परिच्छेदात लिहा की सेटलमेंटमधल्या ट्रेनिंगच्या तरतुदी लागू राहतील आणि कुठे विसंगती असेल तर सेटलमेंट चालेल. एकीकडे सेटलमेंटमध्ये "ट्रेनिंगचा खर्च कंपनीचा" आणि दुसरीकडे पाच जणांच्या सह्या असलेले बॉण्ड, असं झालं तर बॉण्ड उडणार, आणि युनियनशी संबंध बिघडतील ते वेगळंच. बॉण्डची कमाल रक्कम, कमाल मुदत आणि महिन्याने कमी होण्याचं सूत्र हे सेटलमेंटमध्येच ठरवून टाका, मग प्रत्येक वेळी नवीन भांडण नाही. शक्य असेल तर सेटलमेंट कन्सिलिएशन ऑफिसरसमोर (समेट घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) करा, कारण आपसात केलेलं सेटलमेंट फक्त सही करणाऱ्या बाजूंना बांधतं, कन्सिलिएशनमधलं सगळ्या कामगारांना, नंतर लागणाऱ्यांना सुद्धा. तुमच्याकडे दुसरी छोटी युनियन असेल तर हा मुद्दा फारच कामाचा आहे.

मालकांना कसं सांगायचं हा तुमचा न विचारलेला प्रश्न असणार. त्यांच्यासमोर कायद्याची कलमं घेऊन जाऊ नका, एक पान घेऊन जा. त्यावर पीओमधली ट्रेनिंगची ओळ, माणशी खरा खर्च, आणि सिक्पाचे दोन आकडे, दोन लाख आणि २२,५३२. खाली स्किल अलाउन्सचा अठरा महिन्यांचा खर्च. बहुतेक मालक आकडे बघितल्यावर स्वतःच म्हणतात की मार्कशीट वगैरे राहू दे.

आणि सह्यांची वेळ सांभाळा. ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी, बॅग भरलेली असताना गेटवर कागद पुढे केला तर ती सही राजीखुशीची होती हे दाखवणं अवघड जातं. निदान दहा-पंधरा दिवस आधी द्या, मराठीत द्या, वाचायला घरी नेऊ द्या, युनियनच्या माणसाला विचारायचं असेल तर विचारू द्या, आणि सही झाली की परिशिष्टासकट एक प्रत त्याच्या हातात द्या. पाचपैकी एखादा नाही म्हणाला तर त्याच्याऐवजी यादीतला पुढचा माणूस घ्या, आणि नाही म्हणणाऱ्याला जुन्या मशीनवर त्रास होणार नाही हे सुपरवायझरला स्पष्ट सांगा. ड्राफ्ट तयार झाला की नावं आणि कंपनीचं नाव काढून इथे टाका, परिशिष्टाचा भाग तरी नक्की बघून देईन.